कचरा आलाय!

बंद पडलेल्या मोटारीभोवती जेवढी विद्वत्ता गोळा होते तेवढी आपल्याकडे एखाद्या विद्यापीठातही होत नसेल. गाडी धावत असते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती थांबली आणि बॉनेट वर झालं, की कुठून कुठून माणसं येतात. कुणी सायकल झाडाला टेकवून येतो, कुणी भाजीची पिशवी घेऊन येतो. सगळे हात मागे बांधून आत डोकावतात, विहिरीत डोकावतात तसे. पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग एकजण घसा साफ करून विचारतो, "पेट्रोल आहे ना?"

हा माणूस दर वेळी वेगळा असतो, प्रश्न तोच असतो. "आहे" म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो आणि तो उरलेला वेळ टायरकडे बघत काढतो.

आमच्या गाडीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. पेट्रोल होतं. टाकीत होतं, इंजिनात नव्हतं. मधल्या दहा-बारा फुटांत ते कुठे अडत होतं, एवढंच शोधायचं होतं. आणि त्या दहा-बारा फुटांनी २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत आमचं अख्खं घर कामाला लावलं.

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, १९८६ सालची. नाना, म्हणजे माझे वडील, तिला अजून फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी आधी फियाट ११०० होती, सत्तरच्या दशकात तिचं नाव बदललं. सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात, त्यातलाच प्रकार. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. नानांनी बुकिंग केलं तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं आणि गाडी दारात आली तेव्हा मी बेचे पाढे म्हणत होतो. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती बातमी नानांनी कात्रीने कापून डायरीत ठेवली आहे. ज्या पानावर ठेवली आहे त्याच पानावर नातेवाइकांच्या तिथी आहेत.

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सुटलं. पण रोज सकाळी फडकं घेऊन खाली जातात, काचा पुसतात आणि पाच मिनिटं आत बसून येतात. आत बसून काय करतात ते कुणी विचारलेलं नाही.

तर अशा गाडीचं पासिंग २०२६ च्या जूनमध्ये संपत होतं. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी सरकारने २०२५ साली दहा हजार रुपये केली. शिवाय पर्यावरण कर, शिवाय विमा, शिवाय तपासणीआधी करून घ्यायची डागडुजी. मी कॉमर्सचा पदवीधर. असा हिशेब मला मांडायला सांगावा लागत नाही, तो आपोआप मांडला जातो. त्यातच सातारा रस्त्यावरच्या एका मिसळवाल्याचा निरोप आला, की गाडी दारात शोभेला ठेवायला हवी आहे. पैसे रोख देतो, वर वर्षभर मिसळ फुकट. हल्ली हॉटेलांच्या दारात जुन्या गाड्या उभ्या करतात आणि लोक टपावर हात ठेवून फोटो काढतात.

आमच्या हिने सरळ सांगितलं, "अहो, चालणारी गाडी असेल तर ठेवा. रस्त्यात बसणारी असेल तर मिसळवाल्याकडे बसू दे. निदान सावलीत तरी बसेल."

नानांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही ठरवा."

आमच्या घरात "तुम्ही ठरवा" याचा अर्थ "तुम्ही ठरवाच, मग बघतो" असा होतो. पण या वेळी ते तसं म्हणाले नाहीत. खरोखरच "तुम्ही ठरवा" असं म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

आता रोगाची लक्षणं. घरून निघाल्यावर गाडी झकास चालायची. अठरा-वीस किलोमीटर झाले की एक उचकी. मग दुसरी. मग पाय दाबलेला असूनही वेग उतरत उतरत गाडी रस्त्याच्या कडेला येऊन गप्प. अर्धा-पाऊण तास थांबलं, की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. पुन्हा चार-पाच किलोमीटरवर उचकी.

शेजारचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं निदान तयार होतं : इग्निशन कॉइल. कॉइल गरम झाली की करंट सोडते, गार झाली की धरते. ऐकायला अगदी पटतं आणि पुष्कळ गाड्यांत खरंही असतं. पण विजेचा दोष असला की गाडी दिवा मालवल्यासारखी खाडकन् जाते. पेट्रोलचा दोष असला की ती उचक्या देते, रेंगाळते, मग जाते. आमची रेंगाळणाऱ्यांतली. हे काकांना पटलं नाही; ते म्हणाले, "जुनी कॉइलसुद्धा रेंगाळते." काकांचा आदर ठेवून मी कॉइल बदलली. गाडी नव्या कॉइलवर तितकीच रेंगाळली.

मग मिस्त्री. कडुलिंबाखालचं गॅरेज, वय सत्तर, मोबाईल नाही. संपूर्ण पुण्यात कार्बोरेटर हातात घेतल्यावर ज्यांचे डोळे चमकतात अशी फार माणसं उरलेली नाहीत, त्यांतले हे एक. त्यांच्या शास्त्रात एकच निदान आहे : "कचरा आलाय." डॉक्टर लोक "व्हायरल आहे" म्हणतात तसं. टाकीत चाळीस वर्षांचा गंज, तो नळीतून पुढे येतो, फिल्टरमधून सुटलेला कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. त्यांनी कार्बोरेटर खोलून वर्तमानपत्रावर मांडला. त्यात एक तरंगतं डबडं असतं, फ्लोट. पेट्रोल पुरेसं आलं की ते वर उचललं जाऊन एका सुईने तोंड बंद करतं, कमी झालं की खाली बसून तोंड उघडतं. आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या बॉलकॉकचा तो धाकटा भाऊ, फक्त हा काम करतो. जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, आरपार भोक असलेला. त्यांच्या पोऱ्याने भोक साफ करायला तार उचलली तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातावर चापट मारली. तार घातली की भोक रुंदावतं, आणि त्या भोकाच्या मापावरच तर गाडीच्या खाण्यापिण्याचा सगळा हिशेब. ते फक्त हवेने फुंकायचं. मला हे फार आवडलं. आमच्या शाखेतसुद्धा काही भोकं अशी आहेत.

कचरा खरोखर निघाला. चिमूटभर. मिस्त्रींनी तो मला बोटावर घेऊन दाखवला, मुतखडा दाखवतात तसा. गाडी एका दमात सुरू झाली. चौथ्या दिवशी वारज्याच्या पुलावर पुन्हा उचकी.

मामा आले ते "वेपर लॉक" हा शब्द घेऊनच. मामांनी सत्तरच्या दशकात खंडाळ्याचा घाट मे महिन्यात चढलेला आहे आणि तो ते अजून दर भेटीत चढतात. वेपर लॉक म्हणजे उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही, तो नुसताच फडफडतो. उपाय, ओला फडका पंपावर ठेवणे. मामांच्या काळी घाटात जागोजाग गाड्या कपाळावर पट्टी ठेवून बसलेल्या असायच्या म्हणे. माहिती शंभर टक्के खरी. पण आमची गाडी डिसेंबरात सकाळी साडेसहाला, मी स्वेटर आणि कानटोपी घालून असताना बंद पडली. तरी मामांनी ओला नॅपकिन ठेवायला लावलाच. गाडीला फरक पडला नाही. मला सर्दी झाली.

आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर बोट फिरवून इथेनॉलवर खापर फोडलं. २०२५ पासून पंपांवर सरसकट मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, चिरवतं, आणि टाकीतला बसलेला मळ सोडवून पुढे पाठवतं. हे खोटं नाही. पद्मिनी जन्मली तेव्हा तिला असलं पेय कुणी पाजलेलं नव्हतं. म्हणून रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. हे करायलाच हवं होतं. जुन्या नळ्या हातात घेतल्या तर शिळ्या पापडासारख्या मोडत होत्या. पंपाचा पडदाही नवा घातला. या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालत नाही. इंजिनच्या फिरत्या दांड्याने त्याचा दट्ट्या वरखाली होतो, आतला पडदा हलतो आणि पेट्रोल मागून ओढून पुढे ढकललं जातं. बाजूला हाताने पंप मारायला एक चिमुकली पट्टी असते. मिस्त्रींनी कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवली, तिचं तोंड बाटलीत धरलं, विडी ओढणाऱ्या सगळ्यांना रस्त्यापलीकडे हाकललं आणि मला स्टार्टर मारायला लावला. बाटलीत पेट्रोलच्या चिळकांड्या, एकसारख्या, गाईच्या धारेसारख्या. "पंप फस्क्लास!" मिस्त्री म्हणाले.

गॅरेजमध्ये सगळंच फर्स्टक्लास असायचं. दवाखान्याच्या पायरीवर दुखायचं थांबणाऱ्या दाढेसारखं. गाडी त्यांच्या दारात एकदाही रुसली नाही.

इथपर्यंत साडेसात हजार गेले होते आणि मिसळवाल्याचा दुसरा निरोप आला होता. हिने पेपरात सेकंडहँड गाड्यांच्या जाहिरातींभोवती गोल करायला सुरुवात केली होती. नाना सकाळी फडकं घेऊन जायचे ते आता दहा मिनिटं बसून येत.

तेव्हा मी ठरवलं की विद्वानांचं पुरे झालं, आता कारकुनी करू.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती आणि संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत कुणाला घरी सोडत नसत. टॅली लागली नाही की नवखा माणूस सगळीकडे धावतो. चार व्हाउचरं इथली बघतो, तीन तिथली. आमचे हेडकॅशियर शांत बसत. आधी फरकाकडे बघत. फरक नऊने भागला जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, चोपन्नचे पंचेचाळीस झालेत. फरकाच्या निम्म्याची रक्कम व्हाउचरांत सापडली तर जमेची नोंद नावे पडली आहे. म्हणजे फरक स्वतःच सांगतो तो कुठून आला ते. त्याला बोलू द्यावं लागतं. आमच्या फरकाला चार महिने कुणी बोलूच दिलं नव्हतं.

मी वहीत रकाने आखले. तारीख, वार, निघण्याची वेळ, हवा, टाकीत पेट्रोल किती, किती किलोमीटरवर बंद. पद्मिनीचा पेट्रोलचा काटा हा एक स्वतंत्र विनोद आहे. वळणावर तो अर्ध्यावरून पूर्णावर जातो आणि चढावर पुन्हा पावावर येतो. म्हणून पेट्रोलचे आकडे मी पंपाच्या पावत्यांवरून काढले. पावत्या माझ्याकडे सगळ्या असतात. ही त्याला आजार म्हणते.

वही भरल्यावर दोन गोष्टी दिसल्या. हवेचा संबंध नाही. गार, गरम, सकाळ, दुपार, सारखंच. पण पेट्रोलचा आहे, आणि उलटा आहे. टाकी काठोकाठ भरली की गाडी अठरा किलोमीटरवर बंद. एकदा एकवीस. अर्धी टाकी असताना चोपन्न. आणि तळाशी चारपाच लिटर उरलेले असताना ती सबंध दिवस हिंडली आणि एकदाही थांबली नाही. जगातल्या सगळ्या गाड्या पेट्रोल संपलं की थांबतात. आमची पेट्रोल भरलं की थांबत होती. काकांना वही दाखवली. ते म्हणाले, "भरल्या पोटी सुस्ती येतेच."

हा फरक नऊने भागला जात होता, हे कळत होतं. भागाकार जमत नव्हता.

तो जमला स्वयंपाकघरात. तेलाचा पंधरा किलोचा नवा डबा फोडायचा होता. मी खिळा ठोकून कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल आलं, गुळूक. थांबलं. गुळूक. मग तेही थांबलं. ही पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, दुसरं भोक पाडल्याशिवाय तेल येतं का कधी? हवा कुठून जाणार आत?"

मी खिळा आणि हातोडी तशीच हातात घेऊन जिना उतरलो. नाना खाली काचा पुसत होते. मला हातोडी घेऊन गाडीकडे येताना बघून ते दारासमोर आडवे उभे राहिले.

टाकीतून लिटरभर पेट्रोल बाहेर गेलं की तिची जागा घ्यायला लिटरभर हवा आत यायला हवी. ती जुन्या गाड्यांत झाकणातल्या बारीकशा भोकातून येते. ते नसलं की आत पोकळी तयार होते; पंप पुढून ओढतो, पोकळी मागून ओढते, आणि ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे पेट्रोल राहतं. टाकी काठोकाठ असली की वरची हवेची जागा चिमूटभर, म्हणून पोकळी पटकन जोर धरते. अर्धी टाकी रिकामी असली की तेवढं पेट्रोल गेल्याने आतल्या हवेला फारसा फरक पडत नाही. अठरा, एकवीस, चोपन्न, सगळे आकडे आपापल्या घरी जाऊन बसले. अर्धा तास थांबल्यावर गाडी का चालायची? फटीफटीतून तेवढ्या वेळात थोडी हवा आत झिरपायची. आणि मिस्त्रींच्या दारात का चालायची? कारण मिस्त्रींची रीत अशी, की काहीही करण्याआधी "किल्ली द्या" म्हणून टाकीचं झाकण उघडायचं आणि आत पेट्रोल आहे ना ते बघायचं. रोग तिथेच बरा होत होता. पुढचं सगळं, कचऱ्यापासून पडद्यापर्यंत, बऱ्या झालेल्या रोग्यावर केलेली शस्त्रक्रिया होती.

किल्ली कशाला? कारण झाकण किल्लीचं होतं. गणपतीत माझा मेहुणा आला होता. आमच्या सोसायटीत पेट्रोल चोरीला जातं हे ऐकून तो दुसऱ्या दिवशी चकचकीत, कुलूप असलेलं नवं झाकण घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने बसवून गेला. कुठल्या गाडीचं होतं देव जाणे. बसलं मात्र घट्ट. त्या झाकणाला भोक नव्हतं. गणपती सप्टेंबरात विसर्जन झाले आणि ऑक्टोबरात पहिली उचकी लागली. मेहुण्याने चोरापासून पेट्रोल वाचवलं होतं, ते गाडीलासुद्धा मिळू नये इतकं.

नुसत्या तर्कावर व्हाउचर पास करायचं नाही, म्हणून रविवारी टाकी मुद्दाम काठोकाठ भरली आणि नानांना शेजारी बसवून साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याअलीकडे उचकी आली. मला इतका आनंद झाला की नानांनी माझ्याकडे काळजीने बघितलं. गाडी कडेला घेतली, बॉनेटला हात लावला नाही, सरळ मागे गेलो आणि किल्लीने झाकण सैल केलं. "फुस्सऽऽ" असा लांबलचक आवाज झाला. टाकीने श्वास घेतला. पंपाची पट्टी आठदहा वेळा हलवली, स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्या फेरीला लागली.

नानांनी डिकी उघडली. स्टेपनीच्या मागून एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं मूळचं झाकण काढलं, फुंकर मारून त्याचं भोक सूर्याकडे धरून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. ते त्यांनी तिथे का ठेवलं होतं म्हणाल, तर नाना काहीच टाकत नाहीत. पावत्या जपण्याचा आजार मला कुठून आला ते हिला त्या दिवशी फोनवरून समजलं.

"आता घरी?" मी विचारलं.

"टाकी भरलेली आहे ना? मग वाईपर्यंत जाऊ."

वाई आमचं गाव. नीरेचा पूल गेला, शिरवळ गेलं. खंबाटकीच्या घाटाला लागलो तेव्हा नाना बोलायचे थांबले. मी दुसरा गिअर टाकला. मागून ट्रक, पुढे ट्रक, इंजिनाचा तो भरल्या गळ्याचा आवाज. नाना डाव्या बाजूला बसलेले, पण त्यांचा डावा हात मांडीवर नव्हता; नसलेल्या स्टीअरिंगच्या दांड्याशी हवेत होता आणि प्रत्येक वळणाला माझ्या अर्धा सेकंद आधी गिअर बदलत होता. घाटमाथ्यावर तो हात खाली आला. त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "तिसरा जरा उशिरा टाकतोस."

घाट उतरून पुढे आल्यावर भूक लागली म्हणून थांबलो ते नेमके त्या मिसळवाल्याच्याच दारात. गाडी बघून तो कपाळाला हात लावत बाहेर आला, चारी बाजूंनी फिरला, टपावरून हात फिरवला. कुठे उभी करायची, दिव्यांची माळ कशी सोडायची, लोक कुठून फोटो काढतील, सगळं त्याने हातवारे करून दाखवलं. आम्ही तोवर दोन प्लेट मिसळ आणि एक जादा पाव संपवला. नाना गाडीत जाऊन बसले, काच खाली केली.

"मग काका, कधी आणताय गाडी?" त्याने खिडकीत वाकून विचारलं.

"आत्ता आणली होती ना," नाना म्हणाले. "मिसळ बरी होती. तर्री जरा कमी घाला." आणि मला म्हणाले, "चल रे."